भिंतींचं कौतुक पुरे

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला लागून फ्रीमाँट नावाचं शहर आहे. त्याच्या एका भागाला मिशन सॅन होजे म्हणतात. इथल्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये हे नाव दर पंधरा मिनिटांनी कानावर येतं, कारण तिथल्या शाळा चांगल्या मानल्या जातात आणि शाळांमुळे घरांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या आहेत. "आम्ही मिशनमध्ये घेतलं" हे वाक्य साधारण "आमचं पार्ल्यात आहे" याच सुरात उच्चारलं जातं. मी चार वर्षं या भागात भाड्याने राहते आहे आणि एवढ्या काळात 'मिशन म्हणजे नेमकं काय होतं?' असं विचारणारं कुणी मला भेटलेलं नाही. ज्यांना माहीत असतं ते सांगतात, "ते जुनं पांढरं चर्च आहे ना, तेच."

ते चर्च जुनं नाही. ते १९८२ ते १९८५ या काळात बांधलेलं आहे. कच्च्या विटांचं मूळ चर्च १८०९ सालचं. २१ ऑक्टोबर १८६८च्या भूकंपात ते पडलं. त्या जागेवर लाकडी चर्च बांधलं गेलं, शंभरेक वर्षं ते उभं राहिलं, मग ते उचलून दुसऱ्या गावी नेलं आणि १८०९ सालासारखी दिसेल अशी नवी इमारत उभी केली. खरं जुनं म्हणावं असं काय शिल्लक आहे, तर शेजारच्या पाद्री-निवासाचा एक तुकडा. त्यात आता संग्रहालय आहे.

तिथून साधारण मैलभरावर, वॉशिंग्टन बुलेव्हार्ड नावाच्या रहदारीच्या रस्त्याला लागून, एक कुंपण घातलेली मोकळी जागा आहे. ती ओहलोनी लोकांची दफनभूमी. तिथे सुमारे चार हजार माणसं पुरलेली आहेत. १९६०च्या दशकात रस्त्याच्या कामात तीही जायच्या बेतात होती. ओहलोनी वंशजांनी आणि अमेरिकन इंडियन हिस्टॉरिकल सोसायटी या संस्थेने ती वाचवली. त्या जागेवरून रोज गाडीने ऑफिसला जाणारे किमान सहा मराठी लोक मी नावानिशी ओळखते. त्यातल्या एकालाही ते कुंपण कशाचं आहे हे ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. स्पॅनिश मिशनचे अवशेष शोधण्याचं आणि जपण्याचं काम गेली सव्वाशे वर्षं उलट्या क्रमाने चाललेलं आहे. आधी भिंत, मग घंटा, मग बाग, मग भेटवस्तूंचं दुकान आणि उरलंच काही तर त्या भिंती ज्यांनी बांधल्या ती माणसं. हा क्रम उलटा करायला हवा. आधी दफनभूमी आणि नोंदवह्या, मग जमिनीखालचा पुरावा, मग जमिनीवरची खरी भिंत, आणि नकली इमारत सगळ्यात शेवटी. खरं तर नकोच.

मिशन म्हणजे नुसतं चर्च, हा समज आधी काढून टाकू. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत स्पेनने फ्लोरिडा, जॉर्जिया, न्यू मेक्सिको, टेक्सस, ॲरिझोना आणि शेवटी कॅलिफोर्निया इथे मिशनं वसवली. कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात एकवीस. मूळ रहिवाशांना बाप्तिस्मा द्यायचा, त्यांना मिशनच्या आवारात किंवा लगत राहायला आणायचं, त्यांच्याकडून शेती, गुरं, विणकाम, विटा पाडणं अशी कामं करून घ्यायची, अशी ती व्यवस्था. कॅलिफोर्नियात एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय परत जाता येत नसे. पळून गेलं तर शिपाई पाठवून धरून आणत आणि फटके देत. लग्न न झालेल्या मुलींना रात्री वेगळ्या खोलीत कुलूपबंद ठेवत. दिवस घंटेवर चाले. प्रार्थना, जेवण, काम, सगळ्याला घंटा.

लॉस एंजेलिसजवळची हंटिंग्टन लायब्ररी ही संस्था आहे. तिने कॅलिफोर्नियातल्या मिशनच्या नोंदवह्यांतल्या नोंदी एकत्र करून २००६ साली त्यांचा डेटाबेस लोकांना खुला केला. १७६९ ते १८५० या काळातले एक लाखाहून जास्त बाप्तिस्मे आणि सुमारे एकाहत्तर हजार दफनं त्यात आहेत. यात स्पॅनिश आणि मेक्सिकन वसाहतीतली माणसंही आहेत, पण बहुसंख्य नोंदी मूळ रहिवाशांच्या. नोंदवही ठेवणारे पाद्री काटेकोर होते. मेलेल्या प्रत्येक मुलाला क्रमांक आहे. आपण मात्र जपतो काय, तर खिडकीची कमान.

भिंतीच्या या प्रेमाने माणसं कशी आंधळी होतात याचं उत्तम उदाहरण जॉर्जियातलं आहे. त्या राज्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना, वाळू आणि अख्खे शिंपले मिसळून ओतलेल्या जाड भिंतींचे पडके अवशेष जागोजाग आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे स्पॅनिश मिशनचे अवशेष आहेत अशी समजूत पक्की झाली. वेलींनी वेढलेल्या, कमानी असलेल्या भिंती होत्या, आणखी काय हवं? कॅलिफोर्नियाकडे मिशनं आहेत, मग आमच्याकडेही आहेत आणि तीही जास्त जुनी, असा सगळा उत्साह. हर्बर्ट बोल्टनसारख्या नावाजलेल्या इतिहासकारानेही मेरी रॉससोबत १९२५ साली लिहिलेल्या पुस्तकात ही समजूत उचलून धरली. पर्यटकांसाठी छायाचित्रं निघाली, पाट्या लागल्या.

मग जेम्स फोर्ड या तरुण पुरातत्त्वज्ञाने एलिझाफील्ड नावाच्या जागी खणून पाहिलं. निघाला एकोणिसाव्या शतकातला साखर कारखाना. उसाचा रस काढण्याची जागा, तो आटवण्याची जागा, सगळं ओळीने. १९३७ साली 'जॉर्जियाज डिस्प्युटेड रुइन्स' हे पुस्तक आलं आणि किनाऱ्यावरच्या या 'मिशनां'चा निकाल लागला. सेंट मेरीज गावाजवळचं, 'सांता मारिया' म्हणून दाखवलं जाणारं मिशनसुद्धा एका मळेवाल्याचा साखर कारखानाच निघाला.

लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. त्या भिंती गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी ओतल्या होत्या आणि तो रस त्यांनीच आटवला होता. 'मिशन' अशी पाटी लावल्याबरोबर ती माणसं पुसली गेली. शिवाय खरी मिशनं जिथे होती तिथली माणसंही पुसली गेली, कारण त्यांना शोधायची गरजच उरली नाही. एका चुकीच्या पाटीने दोन समाज एका फटक्यात गायब केले.

खरं मिशन कसं सापडतं ते बघायचं असेल तर त्याच जॉर्जियाच्या सेंट कॅथरिन्स बेटावर चला. तिथे ग्वाले लोकांमध्ये वसवलेलं सांता कातालिना हे मिशन होतं. १५९७ साली ग्वालेंनी बंड करून ते जाळलं, नंतर ते पुन्हा उभं राहिलं आणि १६८० साली इंग्रजांच्या हल्ल्यानंतर सोडून दिलं गेलं. भिंती काठ्या-कुडाच्या आणि वर मातीचा लेप, आपल्याकडच्या कुडासारख्याच. तीनशे वर्षांत जमिनीवर दिसेल असं काहीही उरलं नव्हतं. डेव्हिड हर्स्ट थॉमस आणि त्यांच्या गटाने १९७७ साली शोध सुरू केला. आधी बेटाचा नमुना घ्यावा तशा ठरावीक पट्ट्या पाडून पाहणी, मग ठरावीक अंतरांवर गिरमिटाने भोकं पाडून माती तपासणं, आणि क्षेत्र आटोक्यात आल्यावर मॅग्नेटोमीटर. कुडाचं घर जळतं तेव्हा भिंतीवरची माती भाजून निघते. भाजलेल्या मातीतले लोहाचे कण थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे पक्के होतात. शेकडो वर्षांनी यंत्र वरून फिरवलं तर तेवढ्या तुकड्यापुरती आकड्यांत उसळी दिसते. १९८१ साली अशाच उसळ्यांच्या जागी मिशन सापडलं. चर्चच्या जमिनीखाली चारशेहून जास्त माणसं पुरलेली होती.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा कुणाचा तरी हेवा वाटला. (माझ्या रोजच्या कामात आकड्यांची उसळी दिसली की बहुधा सर्व्हर पडलेला असतो.) पण कौतुक यंत्राचं करायचं नाही. कौतुक क्रमाचं आहे. या लोकांनी आधी सुंदर भिंत शोधून तिला नाव दिलं नाही. मिशन कुठे नाही, हे त्यांनी आधी चार वर्षं सिद्ध केलं. आणि सापडल्यावर हाती आलं ते मुळात एक कबरस्तान होतं. कुठलंही मिशन नीट शोधलं तर हाती तेच येतं.

आता नकली इमारतींकडे येते, कारण माझा राग मुख्यतः तिथे आहे.

टेक्ससमध्ये मेनार्ड गावाजवळ सॅन साबा नावाचं मिशन होतं. १७५७ साली वसवलेलं आणि १६ मार्च १७५८ रोजी कोमांचे आणि त्यांच्या मित्रजमातींनी जाळलेलं. अकरा महिनेही टिकलं नाही. त्याच्या संरक्षणासाठी काही मैलांवर गढी होती. टेक्ससच्या शताब्दीच्या निमित्ताने १९३६-३७च्या सुमारास सरकारी पैशातून त्या गढीचा काही भाग 'पुन्हा' बांधला. काम इतकं कच्चं होतं की ते नवं बांधकामच पुढे ढासळलं. म्हणजे आता अवशेषांच्या नकलेचे अवशेष जपायची वेळ आली. आणि या सगळ्या काळात खुद्द मिशनची जागा हरवलेलीच होती! ती १९९३ साली सापडली. ग्रँट हॉल, के हाइन्ड्स आणि मार्क वुल्फ यांनी कागदपत्रं आणि जमीन दोन्ही धुंडाळून ती शोधली, ती एका लसूणघासाच्या शेतात. वर्षानुवर्षं नांगर फिरलेला, वर काहीच नाही, फक्त भाजलेल्या मातीचे तुकडे आणि बारीकसारीक वस्तू. जिथे काही नव्हतं तिथे भिंत बांधायला पैसा होता आणि जिथे होतं तिथे नांगर चालू होता.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझचं मिशन भूकंपाने पडलं. आज दिसतं ते १९३१ सालचं, मूळच्यापेक्षा लहान आकाराचं प्रतिरूप. ला पुरिसिमा १९३०च्या दशकात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून उभं केलं. तिथल्या मुलांनी खरोखर मातीच्या विटा पाडल्या, जुन्या पद्धती शिकल्या, याबद्दल मला आदर आहे. तरीही आज तिथे जाणाऱ्या माणसाच्या मनात चित्र राहतं ते नीटनेटक्या, गुलाबी, शांत वाड्याचं. सहलीला आलेल्या एका काकांनी माझ्यादेखत आपल्या नातवाला सांगितलं, "बघ, किती निवांत आयुष्य होतं!" १८२४ साली याच मिशनमधल्या चुमाश लोकांनी बंड करून मिशन जवळजवळ महिनाभर ताब्यात ठेवलं होतं. तोफा लावून ते मोडावं लागलं.

मुलांचंही तेच. कॅलिफोर्नियात चौथीच्या वर्गात मिशनचं मॉडेल करायची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत होती. साखरेच्या वड्या, आइस्क्रीमच्या काड्या, थर्माकोल. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात तसंच वाटून मराठी आईबापही हौसेने रात्री जागत. २०१६ साली राज्याने स्वीकारलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलं आहे की अशा मॉडेलांमधून मुलांना तो काळ समजत नाही आणि अनेकांना ती आक्षेपार्ह वाटतात. तरी माझ्या एका सहकाऱ्याने मुलीचं जुनं मॉडेल अजून दिवाणखान्यात ठेवलं आहे. त्यात घंटा आहे, कारंजं आहे, दोन मेंढ्या आहेत. माणूस एकही नाही. मी विचारलं तर म्हणाला, "माणसं त्या किटमध्ये नव्हती."

आता यावर उत्तर येतं की नकली का होईना, इमारत असली की लोक येतात, तिकीट काढतात आणि त्या पैशातून खऱ्या गोष्टी टिकतात. हे अर्धंच खरं आहे. सॅन हुआन कापिस्त्रानोला लोक झुंडीने जातात आणि तिथलं सगळ्यात जास्त पाहिलं जाणारं ठिकाण म्हणजे पडकं दगडी चर्च. ८ डिसेंबर १८१२ रोजी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी भूकंपात त्याचं छत कोसळलं. चाळीसच्या आसपास माणसं मेली, जवळजवळ सगळी तिथली मूळ रहिवासी. ते चर्च तसंच ठेवलं आहे, आधार देऊन, भेगा भरून, पण पुन्हा न बांधता. तिथे कुणी 'निवांत आयुष्य' म्हणत नाही. ॲरिझोनातलं तुमाकाकोरी १९०८पासून संरक्षित आहे आणि तेही अर्धवटच उभं आहे. पडक्या वास्तूला लोक येत नाहीत हे कुणी ठरवलं?

आणि दुरुस्तीच्या नावाखाली जे होतं त्याबद्दल दोन शब्द. मातीची भिंत कोरडी राहते कारण ती श्वास घेते. जमिनीतलं पाणी तिच्यात चढतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. विसाव्या शतकात ठिकठिकाणी या भिंतींना 'कायमचा इलाज' म्हणून सिमेंटचा गिलावा लावला. पाणी आत कोंडलं आणि बाहेरून टणक दिसणारी भिंत आतून चिखल होऊ लागली. न्यू मेक्सिकोमधल्या रांचोस दे ताओसच्या सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्चला १९६७ साली असा सिमेंटचा थर दिला. बारा वर्षांत नुकसान एवढं झालं की १९७९ साली तो खरवडून काढावा लागला. तेव्हापासून गावातली माणसं दरवर्षी उन्हाळ्यात एकत्र येऊन चर्चला माती-गवताचं लिंपण करतात. ज्यांच्या आजोळी धाब्याचं घर होतं त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, भिंती लिंपायच्या, हे कुणी 'जतन' म्हणून करत नव्हतं. पण ते दरवर्षी करायला गाव लागतं. नुसत्या भिंतीसाठी पैसा उभा करणं सोपं, गाव टिकवणं अवघड, म्हणून सिमेंट.

आता माझ्याच जातीच्या लोकांशी भांडण. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांशी.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना शनिवार-रविवार हरवलेल्या जागा शोधायचा छंद आहे. जमिनीची उंची लेझरने मोजलेली सरकारी माहिती अमेरिकेत फुकट मिळते. जुने नकाशे स्कॅन केलेले असतात, उपग्रहाची चित्रं असतात. दोन-चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला की झाडीखालचा चौकोनी उंचवटा पडद्यावर उठून दिसतो, आणि तो दिसला की लगेच खूण टाकायची घाई. अक्षांश-रेखांश, दशांशानंतर सहा अंक. सहावा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर. ज्या मिशनची जागा मैलभराच्या टप्प्यात ठरवतानाही इतिहासकार भांडतात, त्याची जागा हे लोक वीतभर अचूकतेने जाहीर करतात. आकड्याला स्वतःची लाज नसते, ती आपण बाळगायची असते.

शिवाय मिशन म्हणजे एक बिंदू हेच मुळात चूक. सॅन डिएगोचं मिशन १७६९ साली एका टेकडीवर सुरू झालं आणि १७७४ साली सहा मैल आत हललं. सांता क्लारा पुरामुळे आणि भूकंपांमुळे जागा बदलत राहिलं. आज सॅन अँटोनियोची म्हणून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या मिशनांपैकी तीन मुळात पूर्व टेक्ससमध्ये होती; १७३१ साली ती बाडबिस्तरा उचलून इथे आली. मग खूण कुठे टाकणार? डेटाबेसमध्ये एका मिशनला एकच स्थान असा रकाना ज्याने केला, त्याने इतिहास वाचायच्या आधी तक्ता आखला.

याहून गंभीर मुद्दा उघडपणाचा. आमच्या धंद्यात 'सगळी माहिती सगळ्यांना खुली' हे जवळजवळ धर्मवचन आहे. एका ओळखीच्या माणसाने मिशनच्या आसपासच्या दफनस्थळांचा थरही आपल्या नकाशात घालायचं ठरवलं आणि त्यासाठी माझी मदत मागितली. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "लपवून ठेवणं म्हणजे इतिहास दडपणं." हे ऐकायला बरं वाटतं. पण अमेरिकेचा १९७९चा पुरातत्त्व संरक्षण कायदासुद्धा सरकारी जमिनीवरच्या अशा जागांचं नेमकं स्थान, तिथे हानीचा धोका असेल तर, जाहीर करू देत नाही. कारण उघड आहे. कबरी फोडणारे लोक असतात, आणि मेटल डिटेक्टर हौसेपोटी कुणीही विकत घेतो. बाहा कॅलिफोर्नियात तर कधी नसलेल्या सांता इसाबेल मिशनचा खजिना शोधायला लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगर तुडवत आले आहेत. जिथे काहीच नाही तिथे ही गत, तर जिथे आहे तिथे काय होईल?

आणि इतिहास दडपला जातो तो जागा न सांगितल्याने नव्हे. न्यू मेक्सिकोतल्या पेकोस इथे १९१५पासून आल्फ्रेड किडर यांनी प्रसिद्ध उत्खनन केलं. जागा सगळ्यांना माहीत होती, सगळं छापलं गेलं. आणि तिथून काढलेले जवळजवळ दोन हजार माणसांचे अवशेष मॅसॅच्युसेट्समधल्या संग्रहांत खोक्यांत जाऊन पडले. १९९९ साली ते हेमेझ प्वेब्लोच्या लोकांना परत मिळाले, कारण पेकोसमध्ये उरलेली शेवटची मूठभर माणसं १८३८ साली हेमेझलाच जाऊन राहिली होती. कित्येक जण हेमेझहून चालत पेकोसला आले आणि आपल्या पूर्वजांना त्यांनी पुन्हा मातीत ठेवलं. खुली माहिती भरपूर होती. नव्हता तो वंशजांना विचारण्याचा रकाना. माझा आग्रह एवढाच: जागा सापडली तर पहिला फोन त्यांना. नकाशावर काय टाकायचं, किती ढोबळ टाकायचं, टाकायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं.

दुसऱ्या टोकाला काही जण म्हणतात, ही अत्याचाराची स्मारकं पाडूनच टाका. त्यांचा राग मला समजतो, विशेषतः घंटांबाबत. १९०६पासून कॅलिफोर्नियाच्या जुन्या राजमार्गावर म्हणून मैला-दोन मैलांवर शोभेच्या घंटा लावल्या गेल्या. ज्या आवाजावर माणसांना कामाला जुंपलं, त्याचं रस्त्याच्या कडेला तोरण! २०१९ साली आमाह मुत्सुन जमातीच्या मागणीवरून सांताक्रूझच्या विद्यापीठाने आपल्या आवारातली घंटा काढली, ते उत्तम झालं. पण घंटा ही विसाव्या शतकातली सजावट आहे आणि भिंत हा पुरावा आहे. शिवाय त्या भिंतीआड आजही प्रार्थना करणाऱ्यांत मिशनमधल्या माणसांचे वंशज आहेत. ॲरिझोनातलं सान हावियेर देल बाक हे तोहोनो ओओधाम लोकांचं रोजचं चर्च आहे. त्यांचा धर्म त्यांच्यावर कसा आला हे त्यांना आपण सांगायची गरज नाही.

'तुला काय करायचंय, आपला काय संबंध?' हा प्रश्न मला पॉटलकमध्ये हमखास येतो. हौशी उत्तर हवं असेल तर आहे: याच फ्रान्सिस्कन पंथाच्या मनिलातल्या मठात आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया ब्रदर झाला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, त्याच दिवशी त्याच टेकडीवर मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे दे हेसूसही होता. जग तेव्हाही लहानच होतं. पण खरं उत्तर जास्त साधं आहे. आपण तिथे राहतो. त्या नावाला प्रीमियम मोजतो.

आणि त्या नावाखालच्या माणसांना सरकारदरबारी अस्तित्व नाही. १९२५ साली मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी आपल्या जाडजूड ग्रंथात या उपसागराभोवतीचे लोक जवळपास नामशेष झाले असं लिहून टाकलं. ते नामशेष झाले नव्हते. मुवेक्मा ओहलोनी जमात आजही इथे आहे, आणि २००२ साली केंद्र सरकारने तिला मान्यता नाकारली. आपण सलग अस्तित्वात होतो हे सिद्ध करायचं तर पूर्वज दाखवावे लागतात, आणि पूर्वज कुठे आहेत? मिशनच्या नोंदवह्यांत.

म्हणून मी नोंदवह्या पहिल्या धरते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत स्पॅनिश नाव असतं, पुष्कळदा मूळ नाव असतं, वय, आईबाप आणि माणूस कुठल्या गावचा तेही असतं. रँडल मिलिकन यांनी या वह्यांवरून उपसागराभोवतीच्या जमातींचे प्रदेश आखले. १९९५ सालचं त्यांचं 'अ टाइम ऑफ लिटल चॉइस' हे पुस्तक त्यावर उभं आहे. युक्ती विलक्षण साधी. मिशनजवळच्या गावातली माणसं आधी येतात, लांबची नंतर. कुठल्या गावाची सोयरीक कुठल्या गावाशी जास्त, ती गावं शेजारची. हजारो नोंदी लावत गेलं की विटेचा एकही तुकडा न उचलता, एकही कबर न उघडता गावं नकाशावर आपापल्या जागी सरकायला लागतात. आणि ती खूण अकरा सेंटिमीटरची नसते. ती 'या खोऱ्यात, त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला' अशी असते, म्हणजे प्रामाणिक असते.

अडचण आहे ती स्पेलिंगची. कातालोनिया किंवा मायोर्काहून आलेल्या पाद्र्याच्या कानाला जे गावाचं नाव जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. पुढच्या पाद्र्याने वेगळं लिहिलं. एकाच गावाची चार-पाच रूपं, एकाच बाईची बाप्तिस्म्याला एक, लग्नाला दुसरं आणि दफनाला तिसरं नाव. ती एकच बाई आहे हे जुळवणं म्हणजे अगदी तेच काम, जे मी रोज आठ तास करते: ग्राहकांच्या यादीतला 'कुलकर्णी', 'कुळकर्णी' आणि 'कुलकर्नी' एकच माणूस आहे का, आणि त्याला दोनदा बिल जात नाही ना, हे पाहणं. या कामासाठी कंपन्या आम्हाला भरपूर पगार देतात. २००४ साली अमेरिकी संसदेने कॅलिफोर्नियाच्या मिशनसाठी एक कोटी डॉलरपर्यंतच्या निधीला मंजुरी देणारा कायदा केला होता. तो इमारतींच्या आणि त्यातल्या कलावस्तूंच्या दुरुस्तीसाठी होता.